घास भरविणारा हात कोणाचा?
(इथिओपियात राहिलेल्या परदेशी सेवकांच्या अनुभवकथनांविषयी)

सेवेसाठी परमुलखात गेलेल्या माणसांनी लिहिलेली पुस्तके हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा, इतकी त्यांची संख्या आता झाली आहे. आपल्या ख्रिस्ती घरांतून या प्रकाराला नेहमीच मानाचे स्थान मिळाले. मिशनऱ्यांची पत्रे, परिचारिका भगिनींच्या आठवणी, दुष्काळी प्रदेशात राबलेल्या डॉक्टरांची आत्मचरित्रे आपण आदराने वाचतो, मुलांच्या हाती देतो आणि रविवारच्या प्रवचनात त्यांतले दाखले ऐकतो. परंतु ज्या वाङ्मयाविषयी आदर असतो त्याची चिकित्सा करणे आपण टाळतो. लेखकाचा हेतू शुद्ध आहे, तेव्हा त्याचे पुस्तकही खरेच असणार, असे आपण धरून चालतो. हे गृहीत कितपत टिकते हे पाहण्यासाठी आम्ही एका देशाविषयीची काही पुस्तके येथे विचारासाठी घेतली आहेत. तो देश म्हणजे इथिओपिया.

त्या देशात जेवणाची एक रीत आहे. टेफ नावाच्या अतिबारीक धान्याचे पीठ आंबवून, आपल्या आंबोळीच्या जातीची पण परातीएवढी मोठी, 'इंजेरा' भाजतात. तिच्यावरच कालवणे वाढतात आणि घरची माणसे व पाहुणे एकाच ताटाभोवती बसतात. मग यजमान आपल्या हाताने घास करून पाहुण्याच्या मुखात घालतो. या रीतीला तेथे 'गुर्शा' म्हणतात. आपण घास भरवितो तो तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला, नाहीतर लग्नात वधूवर एकमेकांना. तेथे मात्र धडधाकट परक्या माणसालाही घास भरविला जातो आणि तो नाकारणे हा यजमानाचा अवमान ठरतो. परदेशी सेवक या देशात जातो तो देणारा म्हणून. पहिल्याच जेवणात त्याला मुकाट्याने तोंड उघडावे लागते. आमच्या मते या साऱ्या वाङ्मयाची कसोटी येथेच लागते. पुस्तकाच्या अखेरीपर्यंत घास भरविणारा हात लेखकाचाच राहतो, की इतरांच्या हातचा घास घेण्याचे धैर्य त्याला होते?

ही कसोटी इथिओपियाच्या बाबतीत विशेष अर्थपूर्ण आहे, कारण हा देश कोऱ्या पाटीसारखा कधीच नव्हता. चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर क्रूस उमटला. त्या देशाचा पहिला बिशप फ्रुमेंटियस हा टायर नगरीहून आलेला परदेशीच होता. दैवगतीने तो तेथे बालपणी येऊन पडला, राजवाड्यात वाढला, त्या लोकांचा झाला आणि मग आलेक्सांद्रियाच्या संत अथानासियसने त्याला बिशपपदाचा अभिषेक केला. इथिओपियन लोक त्याला 'आबा सलामा', म्हणजे शांतीचा पिता, या नावाने स्मरतात. युरोपातील बहुतेक राष्ट्रांनी बाप्तिस्मा घेण्याच्या कितीतरी आधी या डोंगराळ पठारावर गीझ भाषेत उपासना चालू होती. आजही तेथील ऑर्थोडॉक्स तेवाहेदो पंथाचे भाविक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास पाळतात, ७ जानेवारीला नाताळ साजरा करतात आणि तेरा महिन्यांचे वर्ष मोजतात. तेथे दिवसाचे तास सूर्योदयापासून धरतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. या घड्याळामुळे चुकलेल्या भेटीगाठींच्या गमतीजमती जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवक सांगतो. पण द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला ज्याने ऐकला आहे, त्याने तरी चकित होऊ नये. दाखल्यातला मालक अकराव्या ताशी मजूर आणावयास जातो तो याच मोजणीने. शुभवर्तमानाचे घड्याळ तेथे अजून चालू आहे. पाहुण्याला मात्र वाटते, की घड्याळ त्यांचे चुकले आहे.

या पाहुण्याला हाक मारण्यासाठी इथिओपियात एक शब्द आहे. खेड्यात परका माणूस शिरला की पोरे मागे धावत ओरडतात, 'फेरेंज, फेरेंज!' मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आपला 'फिरंगी' त्याचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही शब्द 'फ्रँक' या नावावरून अरबी-फारसीच्या मार्गाने आले. त्या देशात या शब्दामागे जो संशय पूर्वी दडलेला असे, त्याच्या इतिहासात आपल्या गोव्याचाही वाटा आहे, आणि कॅथोलिक वाचकांनी तो जाणून घेतला पाहिजे.

स्पॅनिश जेज्विट पेद्रो पाएझ १५८९ साली गोव्याहून इथिओपियाला जावयास निघाले. वाटेत ते अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडले गेले, येमेनमध्ये सुमारे सात वर्षे बंदिवासात राहिले, सुटून गोव्यास परतले आणि पुन्हा निघून १६०३ साली इथिओपियात पोहोचले. (ज्या काळात हे फिरंगी धर्मगुरू गोव्याहून हबसाणात गेले, त्याच काळात हबसाणात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार पाहत होता.) पाएझ यांनी गीझ आणि अम्हारिक या भाषा आत्मसात केल्या. बांधकामाची हत्यारे स्वतः हाती घेऊन राजासाठी वाडा उभारला. नील नदीच्या निळ्या फाट्याचा उगम त्यांनी १६१८ साली पाहिला. त्यांच्या सहवासाने राजा सुसेनियोस कॅथोलिक झाला. १६२२ साली पाएझ निवर्तले आणि १६२५ साली पात्रिआर्क आफोन्सो मेंडेस आले. मेंडेस यांना त्या लोकांचे काहीच मान्य होईना. लोकांना पुन्हा बाप्तिस्मा, धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा, मंदिरांना पुन्हा आशीर्वाद, उपवासांच्या आणि सणांच्या जुन्या रीतींना मज्जाव, असा सपाटा सुरू झाला. बंडे झाली, रक्त सांडले. शेवटी १६३२ साली राजाने जुना धर्म पुन्हा प्रस्थापित केला, आणि त्याचा पुत्र फासिलिदेस याने जेज्विटांना देशाबाहेर घालविले. मेंडेस गोव्यास परतले आणि तेथेच १६५६ साली वारले.

यातील वाङ्मयीन भाग असा, की पाएझ यांनी इथिओपियाचा जो विस्तृत इतिहास पोर्तुगीज भाषेत लिहिला, तो विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत छापलाच गेला नाही. ज्याने भाषा शिकली, हात मळविले आणि धीर धरला, त्याचे पुस्तक जवळजवळ तीन शतके पडून राहिले. मेंडेस यांच्या कारकिर्दीत तेथे गेलेले जेरोनिमो लोबो यांचे प्रवासवर्णन मात्र १७३५ साली सॅम्युअल जॉन्सन यांनी फ्रेंचवरून इंग्रजीत आणले आणि ते सर्वत्र पोहोचले. कोणाचा अनुभव जगापुढे येतो आणि कोणाचा येत नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

तुटलेला विश्वास पुन्हा जोडावयास दोन शतके लागली. १८३९ साली आलेले इटालियन धर्मगुरू जस्टिन दे जाकोबिस यांनी तेथील साधूंचा वेष घेतला, त्यांचे उपवास पाळले, त्यांच्याच विधीने उपासना केली. गेब्रे मिखाएल नावाचा वयाने वडील, विद्वान इथिओपियन संन्यासी त्यांचा शिष्यही झाला आणि गुरूही. गेब्रे मिखाएल १८५५ साली बेड्यांत मरण पावला. १९२६ साली तो धन्यवादित, आणि १९७५ साली दे जाकोबिस संत म्हणून घोषित झाले. त्या दोघांची नावे एकमेकांवाचून घेता येत नाहीत, ही आमच्या मते त्या मिशनकार्याची खरी मिळकत होय. आजही इथिओपियात कॅथोलिक एक टक्क्याहून कमी आहेत. पण ते पाहुणे म्हणून राहत नाहीत.

आता आधुनिक स्वयंसेवकांकडे वळू. १९६२ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या 'पीस कोअर'ची पहिली तुकडी आदिस अबाबाला उतरली. पावणेतीनशेहून अधिक तरुण-तरुणींची ही तुकडी माध्यमिक शाळांतून शिकविण्यासाठी देशभर विखुरली. त्यांचे प्रमुख हॅरिस वॉफर्ड हे गांधीविचारांच्या अभ्यासासाठी आधी भारतात येऊन गेलेले गृहस्थ होते. दूरदूरच्या गावांतील शाळांना त्यामुळे पदवीधर शिक्षक मिळाले, हे उपकार लहान नव्हेत. पण त्याच दशकाच्या अखेरीस या शाळांतून शिकून विद्यापीठात गेलेल्या पिढीने जमीन कसणाऱ्याला द्या अशी मागणी केली, बादशहाविरुद्ध आवाज उठविला आणि त्या ओघात अमेरिकन शिक्षकांनाही परत जा म्हणून बजावले. ज्यांना आपण अक्षरे शिकविली त्यांनी आपल्यालाच प्रश्न विचारले, हे कित्येकांना कृतघ्नपणाचे वाटते. आम्हाला ते शिक्षणाचे फळ वाटते. ज्या आठवणींतून या प्रश्नांना जागा मिळते त्या वाचनीय. ज्यांतून विद्यार्थी केवळ चमकत्या डोळ्यांचे आणि अनवाणी पायांचे राहतात, त्या वाचून वाचकाच्या पदरी फारसे पडत नाही.

आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी यांचे 'इन इथिओपिया विथ अ म्यूल' १९६८ साली प्रसिद्ध झाले. मर्फी कॅथोलिक घरात वाढलेल्या. १९६३ साली त्या सायकलवरून आयर्लंडहून भारतात आल्या आणि धरमशाळेला तिबेटी निर्वासितांच्या मुलांत त्यांनी स्वयंसेविका म्हणून काम केले. इथिओपियात मात्र त्या सेवेसाठी गेल्या नाहीत. १९६६ सालच्या डिसेंबरात त्या मसावा बंदरावर उतरल्या, वाटेत 'जॉक' नावाचे खेचर सोबतीला मिळाले आणि सुमारे हजार मैल पायी चालत त्या राजधानीला पोहोचल्या. पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे. संध्याकाळ झाली की ज्या वस्तीत पाय थांबेल तेथे झोपडीत आसरा मागावा, चुलीभोवती गुराढोरांच्या शेजारी अंग टाकावे, पिसवांनी रात्र जागवावी, घरची आंबविलेली 'तल्ला' प्यावी, आणि पहाटे निघावे, असा क्रम. काही ठिकाणी प्रेमाने वाढले, काही ठिकाणी संशयाने पाहिले, आणि लुटारूंशीही गाठ पडली. लेखिकेला हे सारे सारखेच लिहिण्याजोगे वाटते. तिच्या हातात वाटण्यासाठी काही नाही, म्हणून तिच्यापुढे हात पसरलेली माणसे येत नाहीत, तर दार उघडणारी किंवा लावून घेणारी माणसे येतात. हे या पुस्तकाचे मोठेपण. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. भाषेवाचून एक रात्र काढून निघालेला पाहुणा यजमानाचा चेहरा पाहतो, त्याचे म्हणणे ऐकू शकत नाही. म्हणून डोंगराळ लोकांच्या स्वभावाविषयी जेथे जेथे मर्फी सरसकट निष्कर्ष काढतात, तेथे वाचकाने थांबून विचारावे, की हे त्या लोकांनी सांगितले की थकलेल्या पायांनी?

मग १९८४ साल आले. २३ ऑक्टोबरला बी.बी.सी.वर मायकेल बर्क यांचे वार्तापत्र दाखविले गेले आणि इथिओपियाचा दुष्काळ जगाच्या घराघरांत शिरला. ते चित्रण करणारे छायाचित्रकार मोहम्मद अमीन हे केनियात जन्मलेले, पंजाबी वंशाचे होते. १९९६ साली इथिओपियन एअरलाइन्सचे अपहृत विमान समुद्रात कोसळले, त्यात त्यांचा अंत झाला. त्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. इंग्लंडमधल्या गायकांनी मदतीसाठी जे गीत काढले, त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता, की या लोकांना नाताळ आला हे ठाऊक तरी आहे काय? त्या गीताने पैसा उभा केला, जीव वाचविले, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु हा प्रश्न ज्यांच्याविषयी विचारला गेला, त्यांचे पूर्वज सोळाशे वर्षांपूर्वीपासून प्रभुजन्माचा सण पाळत आले होते, आणि त्यासाठी आधी चाळीसहून अधिक दिवस उपवास करीत आले होते. भुकेल्याला अन्न देताना त्याची स्मृती हिरावून घेतली तर ते दान अपुरे राहते.

त्या वार्तापत्रात मेकेले येथील अन्नछत्रावर काम करणारी रेड क्रॉसची एक तरुण परिचारिका दिसली होती. तिचे नाव क्लेअर बर्ट्शिंगर. तिचे 'मूव्हिंग माउंटन्स' हे पुस्तक बऱ्याच वर्षांनी, २००५ साली आले, आणि या उशिराचे कारण ते वाचताना उमगते. रोज हजाराहून अधिक मुले रांगेत बसलेली असत आणि जागा असे साठ-सत्तरांना. कोणाला आत घ्यावयाचे हे तिला ठरवावे लागे. फार अशक्त झालेल्या मुलाला घेऊन उपयोग नाही, कारण तो वाचणार नाही. जरा धष्टपुष्ट असेल तर तो आणखी काही दिवस तग धरील. मधल्यांतून निवड. जगाने तिला देवदूत म्हटले, आणि ती स्वतः वर्षानुवर्षे आपण न्यायाधीश कसे झालो या ओझ्याखाली राहिली. सुमारे वीस वर्षांनी ती त्याच वार्ताहराबरोबर मेकेलेला परत गेली. या पुस्तकाची भाषा साधी आहे, रचनेत काही विशेष नाही. परंतु सेवकाला मिळालेली सत्ता त्याच्या हातून काय करविते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे पुस्तक आम्हाला दुसरे ठाऊक नाही. मदत करणारा हात निवडही करतो. आपल्या मिशनवाङ्मयात ही गोष्ट सहसा झाकली जाते, कारण ती देणगीदाराला अस्वस्थ करते.

त्याच दुष्काळात आणखी एक प्रश्न उभा राहिला. लष्करी राजवट उत्तरेकडील लोकांना जबरदस्तीने दक्षिणेकडे हलवीत होती आणि या कामी परदेशी मदतीचा उपयोग होत होता. 'मेदसँ सां फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संघटनेच्या फ्रेंच शाखेने याविरुद्ध जाहीर निषेध केला, आणि १९८५ सालच्या डिसेंबरात तिला देशाबाहेर काढण्यात आले. इतर बहुतेक संस्था गप्प राहून काम करीत राहिल्या. बोलावे आणि रुग्णांपासून दूर व्हावे, की गप्प राहून शुश्रूषा करावी, याचे सोपे उत्तर नाही. परंतु सेवकाच्या पुस्तकात हा पेच मुळी आलाच नाही, तर ते पुस्तक अर्ध्यावर थांबले आहे असे समजावे.

या साऱ्या मदतकार्यावर सर्वात कठोर टीका एका माजी स्वयंसेवकानेच केली. पॉल थेरू तरुणपणी मलावीत पीस कोअरचे शिक्षक होते. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी कैरोहून केपटाउनपर्यंत बहुतांशी जमिनीवरून प्रवास केला, आणि २००२ साली 'डार्क स्टार सफारी' हे पुस्तक लिहिले. पांढऱ्या मोटारींतून धूळ उडवीत जाणारे, वाटेतल्या माणसाला जागा न देणारे मदत-अधिकारी या पुस्तकात वारंवार भेटतात, आणि इतक्या वर्षांच्या मदतीने लोकांना परावलंबी केले हा लेखकाचा आरोप पानोपानी येतो. आरोपात तथ्य आहे. पण टीकाकाराच्या पायालाही चाके आहेत, हे तो विसरतो. आज या गावी, उद्या त्या सरहद्दीवर, असा फिरणारा माणूस एखाद्या दवाखान्यात वीस वर्षांत काय बदलले हे कसे पाहणार? या पुस्तकाचा इथिओपियाविषयीचा सर्वोत्तम भाग तोच आहे, जेथे थेरू यांचा राग शांत होतो आणि ते ऐकत बसतात. आदिस अबाबात त्यांना नेबिय मेकोन्नेन हे पत्रकार भेटले. लष्करी राजवटीच्या तुरुंगात असताना यांच्या हाती 'गॉन विथ द विंड' ही जाडजूड अमेरिकन कादंबरी पडली, आणि सिगारेटच्या पाकिटांतील कागदांवर त्यांनी तिचा अम्हारिक अनुवाद केला. ते कागद हळूहळू तुरुंगाबाहेर गेले आणि पुढे पुस्तक छापले गेले. साऱ्या प्रवासात परदेशी मदतीवर रुष्ट असलेला लेखक येथे एका इथिओपियन माणसाच्या हातचा घास घेतो, आणि त्याचे गद्य एकदम निवळते.

आता शेवटचे पुस्तक. ऑस्ट्रेलियन डॉक्टर कॅथरीन हॅम्लिन आणि त्यांचे पती रेजिनाल्ड हे 'लॅन्सेट' मधील जाहिरात वाचून १९५९ साली तीन वर्षांच्या करारावर आदिस अबाबाला आले. ते तेथून परतले नाहीत. रेजिनाल्ड १९९३ साली निवर्तले आणि कॅथरीन २०२० साली, आपल्या इस्पितळाच्या आवारातील घरी. जॉन लिटल या पत्रकाराच्या सहकार्याने लिहिलेले त्यांचे 'द हॉस्पिटल बाय द रिव्हर' २००१ साली आले. सुईण नाही, रस्ता नाही, म्हणून डोंगरातील कोवळ्या वयाची स्त्री चार-पाच दिवस बाळंतवेणा देते. मूल बहुधा दगावते, आणि तिच्या देहाला आतून भोक पडून लघवी सतत झिरपत राहते. या व्याधीला फिस्तुला म्हणतात. नवरा टाकून देतो, वास येतो म्हणून शेजारी दूर ठेवतात, आणि ती बिचारी हा आपलाच शाप समजते. या स्त्रियांसाठी या दांपत्याने १९७४ साली स्वतंत्र इस्पितळ काढले, आणि तेथे कॅथरीन यांच्या मृत्यूपर्यंत साठ हजारांहून अधिक स्त्रिया बऱ्या झाल्या. बरी झालेली स्त्री घरी निघताना तिला नवे वस्त्र दिले जाते.

परंतु या पुस्तकाची श्रेष्ठता आकड्यांत नाही. त्यात मामितू गाशे नावाची स्त्री आहे. ती रुग्ण म्हणून आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पुरती बरी होत नव्हती म्हणून ती इस्पितळातच राहिली, खाटा आवरू लागली, शस्त्रक्रियेच्या वेळी साहाय्य करू लागली, आणि डॉक्टरांचे हात पाहत पाहत स्वतः शस्त्रक्रिया करू लागली. पुढे परदेशांतून शिकावयास आलेले शल्यविशारद तिच्याकडून हे कौशल्य घेऊ लागले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनेही तिचा गौरव केला. जिला घास भरविला, ती घास भरविणारी झाली. २००७ साली सुईणींसाठी महाविद्यालय निघाले तेही याच दिशेने, कारण खरा उपाय रोग होऊ न देण्यात आहे, आणि ते काम त्या देशाच्या मुलीच करू शकतात. असे असूनही हे पुस्तक मामितूचे नाही, हे विसरून चालणार नाही. तिची हकीकत आपण डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकतो. ती स्वतः लिहिती तर कोठून आरंभ करती? डोंगरातल्या वाटेपासून, की इस्पितळाच्या दारापासून?

येथे आमची मुख्य तक्रार नोंदवावीशी वाटते. इथिओपियात सेवा करणारे परदेशी थोडे, देशी पुष्कळ. पुस्तके मात्र बहुतेक परदेशींचीच. १९६४ पासून तेथील विद्यापीठाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीपूर्वी एक वर्ष खेड्यात, बहुधा शिक्षक म्हणून, राहणे बंधनकारक होते. २००३ पासून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेविका तीस हजारांहून अधिक, आणि बहुतेक आपल्याच भागातल्या मुली. आपल्याकडूनही कितीतरी भारतीय शिक्षक बादशहाच्या काळात तेथे गेले. १९७३ साली मदर तेरेसांच्या भगिनी गेल्या. त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. अशाच एका मल्याळी ख्रिस्ती शिक्षक-दांपत्याच्या पोटी आदिस अबाबात जन्मलेले डॉ. अब्राहम वर्गीज यांनी मात्र २००९ साली 'कटिंग फॉर स्टोन' ही कादंबरी दिली. तिच्यातील 'मिशन' इस्पितळाला गावकऱ्यांच्या उच्चारामुळे 'मिसिंग' हेच नाव पडले आहे. लोकांच्या जिभेने ठेवलेले नाव इस्पितळाने मुकाट्याने स्वीकारावे, ही कल्पना त्या देशात वाढलेल्या माणसालाच सुचावी.

नोव्हेंबर २०२० पासून दोन वर्षे तिग्राई प्रांतात युद्ध पेटले होते. मेकेले याच प्रांतात आहे. जून २०२१ मध्ये तेथे वर उल्लेखिलेल्या डॉक्टरांच्या संघटनेचे तीन सेवक मारले गेले. त्यांत एक स्पेनची स्त्री होती आणि दोन इथिओपियाचे पुरुष. एकाच कामावर निघालेल्या तिघांचा शेवट एकच झाला. त्यांपैकी कोण 'सेवक' आणि कोण 'सेव्य', हे आता कोणी सांगावे?

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिपाला कुशी देशाचा एक अधिकारी भेटतो. बायबलमधील तो देश आजच्या सुदानच्या बाजूला पडतो असे अभ्यासक म्हणतात. इथिओपियन ख्रिस्ती लोक मात्र त्या अधिकाऱ्याला आपला पूर्वज मानतात. त्या प्रसंगात आपण फिलिपाचे बोलणे लक्षात ठेवतो. रथ कोणाचा होता, हे आपल्या ध्यानात राहत नाही. रथ त्या परक्याचा होता, हातातला ग्रंथ त्याचा होता, प्रश्न त्याने विचारला, आणि फिलिपाला वर येऊन शेजारी बसण्याचे आमंत्रणही त्यानेच दिले. फिलिप पायी धावत आला होता. काम संपल्यावर तो दिसेनासा झाला आणि तो अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने गेला. पुढची कथा त्याची होती.

आमच्या वाचकांच्या घरांतून कोणी मुलगी परिचारिका होऊन आखाताला वा आफ्रिकेला जाते, कोणी मुलगा व्रतस्थ होऊन मिशनला जातो, पुष्कळ तरुण सुट्टीत आदिवासी पाड्यांवर शिबिराला जातात. ते पत्रे लिहितात, लेख लिहितात, आणि ते छापावेत अशी आपली इच्छा असते. छापावेत. पण वाचताना आपण एवढे विचारावे, की या लिखाणात तेथल्या किती माणसांना नाव आहे? त्यांपैकी कोणी लेखकाला काही शिकविले का? त्याचे काही चुकले तेव्हा त्याला कोणी टोकले का? ज्या पत्रात केवळ अनवाणी मुले आणि आपले दयाळू हात आहेत, ते पत्र आईने उत्तरी लिहावे, "बाळा, तुला तेथे जेवू कोण घालते, त्यांच्याविषयी पुढच्या वेळी लिही."